जंगलाच्या तुकड्यातले पक्षी मोजायला ई-बर्ड किती कामाचं?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात यंदा किती प्रकारचे पक्षी दिसले, एवढंच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अॅपला विचारलंत तर फसाल. हे जंगल जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. एका अंगाला बोरिवली-मालाड, दुसऱ्या अंगाला मुलुंड-ठाणे. उद्यानाचाच उत्तरेचा नागलाचा भाग वेगळा पडलेला, आणि तुंगारेश्वर अभयारण्य तर खाडीपलीकडे. अशा तुटक जंगलातून पक्षी सहसा एका वर्षात नाहीसे होत नाहीत. पाचोळ्यात किडे वेचणारे, दाट सावली न सोडणारे आधी विरळ होतात आणि कडेने बुलबुल, साळुंक्या, कावळे आत सरकतात. पाच गेले, पाच आले, एकूण आकडा तोच. त्यामुळे हे अॅप एकाच कसोटीवर घासून पाहायचं: एखादा पक्षी दिसायचा कमी झालाय, हे त्यातून कळतं का?

कळतं. २००२ साली कॉर्नेलच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने आणि ऑड्युबन संस्थेने सुरू केलेल्या या फुकट सेवेचं खरं बळ फोटोंत नाही, 'न दिसलेल्या' पक्ष्यांत आहे. एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांची यादी पाठवताना अॅप विचारतं: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? 'हो' म्हटलं की यादीत नसलेला पक्षी 'आढळला नाही' असा धरता येतो. समजा एका वाटेच्या १०० पूर्ण याद्यांपैकी ४० मध्ये कर्णा पक्षी आहे आणि काही वर्षांनी तेवढ्याच याद्यांपैकी १५ मध्ये. हा फरक बोलका आहे. फक्त आवडते पक्षी टिपून 'हो' दाबणारे ही मोजणीच नासवतात. बुलबुल-कावळे लिहायचा कंटाळा असेल तर सरळ 'नाही' दाबावं.

वापरायची रीत अशी. घरी वायफायवर महाराष्ट्राचा पक्षी-पॅक (इथल्या पक्ष्यांची नावं) उतरवून घ्यावा, कारण आत नेटवर्क दगा देतं. यादी फोनमध्ये राहते आणि नंतर पाठवता येते. फाटकापाशी नाही, वाटेच्या सुरुवातीला 'स्टार्ट' दाबावं. ३० मीटरच्या आत थांबून पाहिलंत तर 'स्टेशनरी', चाललात तर 'ट्रॅव्हलिंग'. अर्ध्या ते एक तासाला, किंवा किलोमीटर-दीड किलोमीटरला यादी बंद करून नवी सुरू करावी. त्याच वाटेने परतलात तर अंतर एकदाच धरायचं. अॅप दोन्ही फेऱ्या मोजतं, तो आकडा हाताने दुरुस्त करावा लागतो. संख्येच्या जागी 'एक्स' टाकू नये. अंदाजे १२ लिहिलेलं कधीही बरं, 'एक्स'वरून पक्षी वाढले की घटले ते कळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ जागेच्या निवडीत होतो. नकाशावर अख्ख्या उद्यानाची एकच टाचणी निवडली, की फाटकाजवळची बाग, कान्हेरीच्या वरची झाडी आणि तुळशी तलावाचा काठ एकाच पोत्यात जातात. जंगलाच्या कडेला आणि गाभ्यात काय फरक पडतोय, तोच तर बघायचा आहे! छोटा हॉटस्पॉट (सगळ्यांसाठी आधीच ठरवलेली जागा) असेल तर तो, नसेल तर स्वतःची टाचणी लावावी आणि दर वेळी तीच वापरावी. ठाण्याच्या बाजूच्या येऊरच्या याद्याही वेगळ्याच ठेवाव्यात.

सोबतीला मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अॅपची आवाज-ओळख चालू ठेवायची सवय आता सगळीकडे दिसते. इशारा म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. भृंगराज दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि मर्लिन त्या पक्ष्याचं नाव दाखवून मोकळं होतं. स्वतः ऐकून-पाहून खात्री झाली तरच नोंदवावं.

आलेख संकेतस्थळावर पाहावेत. स्तंभालेखात महिन्याचे चार भाग असतात आणि वर्षांचा पल्ला बदलता येतो. दोन पल्ले शेजारी उघडून तुलना करावी. मात्र ढीगभर याद्या हिवाळ्यातल्या रविवारच्या असतात. सोमवारी उद्यान बंद, पावसाळ्यात चिखल. नवरंग आणि तिबोटी खंड्या मात्र ऐन पावसात वीण करतात. डिसेंबरच्याच याद्या पाहिल्या तर त्यांचं बरं-वाईट काहीच समजत नाही. हा दोष अॅपचा नाही, आपला. पण कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात याद्या अपुऱ्या आहेत हे अॅपने ठळक दाखवायला काय हरकत होती? इथे एक तारा कापला.

कच्ची माहिती अर्ज केल्यावर फुकट मिळते आणि तिच्यात वेळ, अंतर, निरीक्षकांची संख्या असते. ती एक्सेलमध्ये नीट उघडेल अशी आशा नको. 'आर' ही आकडेवारीची संगणक-भाषा येणारं कुणीतरी हाताशी लागतं.

पाचातले चार तारे. आणि घरात कुणा जुन्या पक्षिमित्राच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालण्याआधी तारीख, जागा, वेळ असलेली पानं वेगळी काढा. वेळ आणि अंतर लिहिलेलं असेल तर 'स्टेशनरी' किंवा 'ट्रॅव्हलिंग' प्रकारात, नसेल तर 'हिस्टॉरिकल' म्हणून ती आजही चढवता येतात. सुरुवात पावसाळ्यातल्या पानांपासून करा.