डिकन्सचं घर, ४८ डाउटी स्ट्रीट : टेबल नंतर बघा, आधी तळघरात उतरा

लंडनला जाणाऱ्यांपैकी कोणी विचारलं की चार्ल्स डिकन्स म्युझियमला जावं का, तर माझं उत्तर हो, नक्की जा. फक्त "हे लेखकाचं टेबल, ही लेखकाची खुर्ची, काढ फोटो" एवढंच हवं असेल तर अर्ध्या तासात बाहेर पडाल आणि तिकिटाचे पैसे जरा जास्तच वाटतील. दोनशे वर्षांपूर्वीचं एक घर चालायचं कसं, कोण राबायचं, पैसा कुठून यायचा असल्या चौकशा करायची ज्याला खोड आहे त्याच्यासाठी मात्र ही जागा पैसा वसूल आहे.

जायचं सोपंय, ट्यूबने (लंडनची भुयारी रेल्वे) रसेल स्क्वेअरला उतरा आणि तिथून चालत जा. सोमवार-मंगळवार सहसा बंद असतं, साइट बघून निघा. शिरायचं शेजारच्या ४९ नंबरमधून, दुकान तिथेच लागतं, आणि दुकान आधी बघू नका, खिसा तिथेच हलका होतो. लिफ्ट आहे, पण मूळ जिना चढून जाता येत असेल तर जिन्यानेच जा.

आता घराबद्दल. डिकन्स इथे राहायला आला मार्च १८३७ मध्ये आणि डिसेंबर १८३९ ला सोडून गेला, म्हणजे तीन वर्षंसुद्धा नाही. वय पंचवीस, लग्नाला वर्षच झालेलं, पहिलं पोर दोन-तीन महिन्यांचं, भाडं वर्षाला ८० पौंड. रस्त्याच्या दोन्ही टोकांना तेव्हा फाटकं होती आणि वर्दीतला दरवान, म्हणजे आजच्या भाषेत गेटेड सोसायटी. बूटपॉलिशच्या कारखान्यात मजुरी केलेल्या पोराने एवढ्या थोड्या वर्षांत इथवर मजल मारली हे डोक्यात ठेवून आत शिरलं की प्रत्येक खोली वेगळी दिसते.

सगळे लोक पहिल्या मजल्यावरच्या अभ्यासिकेकडे पळतात, तुम्ही आधी खाली तळघरात जा. स्वयंपाकघर, धुणं धुवायची खोली, वाइन ठेवायची खोली, सगळं तिथे आहे. स्वयंपाकघरात एक पेंढा भरलेला हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) ठेवलाय, पोरं त्याच्यापुढून हलत नाहीत, कारण त्या काळी झुरळं-किडे खायला हा प्राणी स्वयंपाकघरात पाळायचे. धुण्याच्या खोलीत विटांच्या चुलीत बसवलेलं तांब्याचं मोठं भांडं आहे, गुऱ्हाळातली चुलाणावरची काहील असते ना तसंच बरंचसं. एरवी त्यात कपडे उकळायचे आणि नाताळला त्याच भांड्यात पुडिंग! त्याच्या अ ख्रिसमस कॅरल या गोष्टीत क्रॅचिट या गरीब कारकुनाच्या घरचं पुडिंग असंच कपड्यांच्या भांड्यातून निघतं आणि डिकन्स लिहितो की धुण्याच्या दिवसासारखा वास आला. ते वाचताना मला ती गंमत वाटायची, इथे उभं राहिल्यावर कळलं की ती नुसती नोंद आहे.

मग वर अभ्यासिकेत या. टेबल-खुर्ची बघून लोक भारावतात, भारावण्यासारखं आहेच, फक्त एक लक्षात ठेवा की हे टेबल या घरातलं नाही, त्याच्या शेवटच्या घरातलं, केंटमधल्या गॅड्स हिलचं आहे. २०१५ मध्ये वारसा निधीतून ७,८०,००० पौंड मिळाले तेव्हा ते म्युझियमचं झालं. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स याच टेबलावर लिहिली. डाउटी स्ट्रीटवर लिहिलं ते पिकविक पेपर्सचं उरलेलं, ऑलिव्हर ट्विस्ट आणि निकोलस निकलबीचं बरंचसं, तेही एकात एक घुसलेलं! महिनोन्‌महिने तो पिकविक आणि ऑलिव्हर या कादंबऱ्यांचे दर महिन्याला छापायचे हप्ते एकाच वेळी ओढत होता, वर मासिकाचं संपादन. पिकविकचा महिन्याचा अंक म्हणजे हिरव्या कव्हरात ३२ पानं, दोन चित्रं, पुढेमागे जाहिराती, किंमत एक शिलिंग. त्या वेळी तीन खंडांची नवी कादंबरी घ्यायची तर साडेएकतीस शिलिंग लागायचे, म्हणजे कारकुनाने घ्यायचा विषयच नाही, पण महिन्याला एक शिलिंग काढता येतो. सुरुवातीला जेमतेम काहीशे प्रतींवर आलेला पिकविक शेवटी ४०,००० वर गेला. आपल्याकडे १८९० मध्ये ह. ना. आपट्यांनी करमणूक काढून हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या लिहिल्या तो हाच उद्योग, त्यामुळे 'पुढील अंकी चालू'वर पोसलेल्या मराठी वाचकाला ही खोली परकी वाटायचं कारण नाही.

या सगळ्या धावपळीत एकदाच दोन्ही हप्ते चुकले. बायको कॅथरिनची धाकटी बहीण मेरी होगार्थ या घरात असायची, वय सतरा. ६ मे १८३७ ला सगळे नाटक बघून आले, ती झोपायला वर गेली आणि कोसळली, दुसऱ्या दिवशी दुपारी डिकन्सच्या हातातच गेली. तिच्या बोटातली अंगठी त्याने काढून स्वतः घातली ती आयुष्यभर. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. पुढे त्याच्या कादंबऱ्यांतल्या त्या निरागस, देवाघरी जाणाऱ्या मुली कुठून आल्या ते समजतं (मला त्या मुली फार रडक्या वाटतात, माफ करा).

कॅथरिनकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण डिकन्सचं चरित्र सांगणाऱ्यांनी शंभर वर्षं तिला "जाडी, मंद बायको" म्हणून निकालात काढलं. बाई दहा मुलांची आई, टोपणनावाने पाककृतींचं पुस्तक काढलेली, आणि १८५८ मध्ये नवऱ्याने तिला वेगळं काढलं, तेही वर्तमानपत्रात खुलासा छापून. एलन टर्नन नावाची अठरा-एकोणीस वर्षांची नटी तोपर्यंत त्याच्या आयुष्यात आली होती. २०१९ मध्ये काही पत्रं उजेडात आली, त्यांवरून दिसतं की त्याने कॅथरिनला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचाही प्रयत्न केला होता. गरिबांसाठी ज्याचा जीव तुटायचा त्याच माणसाची ही गोष्ट, आणि खरं सांगायचं तर वरच्या बेडरूममध्ये उभं राहून मला त्याचा रागच आला.

मग माळ्यावर जा, माझ्या मते घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तिथे आहे, मार्शल्सी तुरुंगाची लोखंडी जाळी. १८२४ मध्ये वडील कर्ज फेडता आलं नाही म्हणून तिथे गेले, बाकीचं घर त्यांच्यामागून आत राहायला गेलं आणि बारा वर्षांचा चार्ल्स बाहेर, हंगरफर्ड स्टेअर्सच्या कारखान्यात पॉलिशच्या डब्यांना लेबलं चिकटवत, आठवड्याला सहा शिलिंगांवर. वडील तीनेक महिन्यांत सुटले, पण आईचं म्हणणं पोराने कामावर परत जावं, आणि ते त्याने तिला कधी माफ केलं नाही. हे सगळं त्याने मित्र फॉर्स्टरजवळ बोलून दाखवलं, वाचकांना कळलं ते १८७० मध्ये तो गेल्यानंतर फॉर्स्टरने चरित्र लिहिलं तेव्हा.

एक गोष्ट आपण आपली बरोबर घेऊनच जायची. त्याचा मुलगा वॉल्टर सोळाव्या वर्षी, १८५७ मध्येच, कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आला. त्याच ऑक्टोबरमध्ये उठावाच्या बातम्या वाचून डिकन्सने एका पत्रात लिहिलं की मी तिथे सरसेनापती असतो तर ही जमातच नष्ट करायला कसर सोडली नसती. ऑलिव्हरची पेज वाढून मागणारी वाटी ज्याने जगाला दाखवली त्याचीच ही ओळ, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वॉल्टर १८६३ च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्यात वारला, बावीस वर्षांचा, आणि आजोबांसारखाच कर्ज करून.

बाकी, घर आज उभं आहे तेच नशीब. १९२० च्या दशकात ते पाडायच्या बेतात होते, डिकन्स फेलोशिप या त्याच्या चाहत्यांच्या संस्थेने विकत घेतलं आणि १९२५ ला म्युझियम उघडलं. बागेतला कॅफे छोटासाच पण बसायला छान. घाई नसेल तर दोन तास धरा आणि नंतर ट्यूबने बरो स्टेशनला जा, सेंट जॉर्ज चर्चला लागून एका बोळात मार्शल्सीची उरलेली भिंत आहे, फुकट बघता येते. तिथून बरो मार्केट चालत दहा मिनिटांवर आहे, जेवण तिकडेच उरका, फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं.