सेट -ई की ओळीओळीची तपासणी?

बॅश स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकामागून एक कमांड चालवणाऱ्या फायलीत, काही फसलं की थांबायचं कसं? वरती एकदाच 'सेट -ई' (set -e: कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी सूचना) लिहायचं, किंवा महत्त्वाच्या प्रत्येक कमांडपुढे || (डावीकडची कमांड फसली तरच उजवीकडची चालवणारं चिन्ह) लावून बाहेर पडायचं आपण स्वतः ठरवायचं. मी दोन्ही बरेच वापरलेत.

'सेट -ई'ने स्क्रिप्ट आटोपशीर राहते. डॉकर इमेज बांधताना चालणाऱ्या, वरून खाली सरळ उतरणाऱ्या स्क्रिप्टला ते छान पुरतं. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही किंवा फायलींची तुलना करणाऱ्या डिफला फरक दिसला की कमांड 1 परत देते (0 म्हणजे यश, दुसरा आकडा म्हणजे अपयश) आणि विनाकारण सगळं थांबतं. पण याची सवय होते.

सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. समजा बॅकअपचं फंक्शन आहे: आधी डेटाबेसचा डंप (सगळा डेटा फायलीत उतरवणं), मग जुन्या फायली पुसणं. ते नुसतं बोलावलं तर डंप फसताच स्क्रिप्ट थांबते. तेच फंक्शन 'इफ'च्या अटीत किंवा ||च्या डावीकडे ठेवलं, की आतल्या एकाही ओळीला 'सेट -ई' लागू होत नाही. डंप फसतो, जुन्या फायली पुसल्या जातात, आणि शेवटची कमांड नीट चालली म्हणून फंक्शनही यशस्वी ठरतं. आत पुन्हा 'सेट -ई' लिहूनही उपयोग नाही. हा बग नव्हे, पोसिक्सचा, म्हणजे शेल कसं वागावं हे ठरवणाऱ्या प्रमाणाचा, नियमच तसा आहे. म्हणजे फंक्शन कितीही बारकाईने वाचा, ते कुठून बोलावलंय हे पाहिल्याशिवाय कसं वागेल ते कळत नाही. आणि तो 'इफ' बहुधा कुणीतरी नंतर, चांगल्या हेतूने, नीट संदेश छापायला घातलेला असतो.

डंपच्या ओळीपुढे '|| रिटर्न 1' असेल तर कुठूनही बोलवा, फंक्शन तिथेच परततं. यात एखादी ओळ राहून जाण्याचा धोका आहे, तो मी नाकारत नाही. शिवाय 'लोकल' (फंक्शनपुरतं व्हेरिएबल घोषित करणारी कमांड) आणि $(...) (कमांडचं आउटपुट घेणारी रचना) एकाच ओळीत लिहिलं तर दोन्ही पद्धती फसतात, कारण 'लोकल' स्वतः 0 देतं; घोषणा वेगळ्या ओळीत हवी. पाइपफेलही (पाइपने जोडलेल्यांपैकी एकही कमांड फसली तर सगळी साखळी फसली असं धरणारी सेटिंग) दोन्हीकडे लागतंच, आणि 2024च्या पोसिक्सपासून ते प्रमाणातही आलंय.

छोट्या, फंक्शन नसलेल्या स्क्रिप्टला 'सेट -ई' खुशाल ठेवा. फायली पुसणाऱ्या किंवा हलवणाऱ्या स्क्रिप्टसाठी मात्र मी || निवडेन. 'सेट -ई'च ठेवायचं असेल, तर शेलचेक या स्क्रिप्ट तपासणाऱ्या साधनात अशी निष्प्रभ ठिकाणं दाखवणारी तपासणी आहे. ती मुळात बंद असते, आधी सुरू करून घ्या.