कराटेनंतरचे बॉक्सिंग : बडोद्यातील एका वर्गाचा सहा महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी सात वर्षे कराटे शिकली आणि ब्लॅक बेल्ट हाती येताच तिने व्यावसायिक बॉक्सिंग करायचे जाहीर केले. व्यायामप्रसारक प्रा. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात घरून विरोध होण्याचा प्रश्न नव्हता. आजोबांची तक्रार एवढीच, की मल्लखांब का नको. त्यानंतर सहा महिने ती दांडिया बाजारातून मांजलपूरच्या ज्या वर्गाला जाते आहे, त्याचा हा अभिप्राय. उणिवाही लिहायच्या असल्याने नाव देत नाही.

प्रशिक्षकांनी बेल्टचे तोंडभरून कौतुक केले आणि पहिले पाच आठवडे तिला स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभेच राहू दिले नाही. कारण त्यांनी आरशासमोर दाखवले. कराटेचा ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी ओढला जातो. बॉक्सिंगमध्ये तो हनुवटीपाशी नसला की चेहरा उघडा पडतो. गुणांच्या कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, नेमका ठोसा लागला की पंच लढत थांबवतात, त्यामुळे मारून क्षणभर थबकण्याची सवय अंगात मुरते आणि बॉक्सिंगमध्ये त्याच क्षणी उलट ठोसा येतो. लाथेच्या हिशेबाने लांब उभे राहणेही सोडावे लागले. मात्र झपकन आत शिरून बाहेर पडण्याची तिची चपळाई सरांनी मोडू दिली नाही, हे मला सर्वांत आवडले.

होली होम हिचे उदाहरण ते वारंवार देतात. अमेरिकेतील अल्बुकर्कीची ही मुलगी एरोबिक्सच्या वर्गातून किकबॉक्सिंगकडे वळली, २००२ मध्ये व्यावसायिक बॉक्सर झाली आणि २०१३ पर्यंत तिने ३३ लढती जिंकून केवळ दोन गमावल्या. ते ऐकून आमच्याकडे लगेच करारनाम्याची स्वप्ने पडू लागली, तेव्हा सरांनीच विजेंदर सिंगची आठवण करून दिली : २००८ चे ऑलिम्पिक कांस्य आणि तीन ऑलिम्पिकचा अनुभव गाठीशी असताना तो २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. आधी जिल्हा, मग राज्य, हौशी लढतींचा अनुभव घे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. विद्यार्थी टिकवण्यासाठी गोड बोलणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. हे त्यांतले नव्हेत.

उणिवा किरकोळ नाहीत. सायंकाळी चार पंचिंग बॅगांमागे वीस मुले उभी असतात. सामाईक ग्लोव्हज पावसाळ्यात ओलेच राहतात आणि त्यांचा वास घरापर्यंत येतो. सर्वांत गंभीर म्हणजे, स्पॅरिंगच्या दिवशी डोक्याला मार बसल्यास काय करायचे याची लेखी व्यवस्था नाही. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा हेडगार्ड असतेच, एवढे उत्तर मिळाले. हेडगार्डने कातडी फाटणे टळते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही.

पुढच्या तिमाहीचे शुल्क आम्ही भरले आहे. ग्लोव्हज मात्र तिचे स्वतःचे, सोळा औंसांचे घेतले असून स्पॅरिंगच्या दिवशी मी तिथेच बसून असतो.