मशीन पाणी सोडत नाही की पिळत नाही? मेकॅनिक, कंपनी की स्वतः

नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टात वॉशिंग मशीनचा स्पिन, म्हणजे कपडे पिळणं, बंद पडला की घरात आधी दोऱ्या वाढतात, मग वाद सुरू होतो: कंपनीत तक्रार टाकायची, की कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलवायचं? माझ्या मते हे नंतर ठरवावं, आधी पाणी बघावं. टबात पाणी उरलं असेल तर फुल्ली ऑटोमॅटिक मशीन वेग घेतच नाही, मुद्दाम थांबते. त्यामुळे ‘स्पिन गेला’ अशी तक्रार असते आणि मोटर ठणठणीत निघते, तुंबलेली असते ती पाण्याची वाट.

सगळे कपडे बाहेर काढा आणि रिकाम्या मशीनवर नुसता स्पिन लावा. पाणी गेलं आणि टब जोरात फिरला, तर मशीन बरी आहे, गडबड कपड्यांच्या भाराची किंवा फेसाची. पाणी तसंच राहिलं, तर दोष निचऱ्याचा. पाणी गेलं पण टब हलला नाही, तरच बेल्ट, क्लच, मोटर, झाकणाचा किंवा दाराचा स्विच याकडे वळा. मशीनच्या डिस्प्लेवर एरर कोड दिसत असेल तर तोही वाचा. एलजीवर ‘ओई’ म्हणजे पाणी निघत नाही, ‘यूई’ म्हणजे भार एका बाजूला गेला. सॅमसंगवर ‘५सी’ किंवा ‘५ई’ आणि बॉशवर ‘ई१८’ या निचऱ्याच्याच खुणा. फोनवर ‘बोर्ड (मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला असेल’ असं कोणी सांगितलं तर एवढं तपासल्याशिवाय हो म्हणू नका.

फ्रंट लोड विरुद्ध टॉप लोड

लक्षण सारखं दिसतं, आतली रचना मात्र निराळी. फ्रंट लोडमध्ये पंप पाणी वर ढकलतो. त्या पंपापुढे खालच्या कोपऱ्यात झाकणाआड फिल्टर असतो आणि त्यात नाणी, हेअरपिना, शर्टाची बटणं, लहान मुलांचे मोजे सापडतात. प्लग काढा, खाली परात ठेवा, शेजारी बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू फिरवा. नुकतंच गरम पाण्यात धुतलं असेल तर थांबा, हात भाजेल. फिल्टर निघाला की टॉर्च मारून आतला छोटा पंखा बोटाने फिरवून बघा. तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आत चुंबक असल्याने ते बरोबरच आहे. केस किंवा दोरा गुंडाळलेला असेल तर ओढून काढा.

फिल्टर स्वच्छ असूनही पाणी अडलं, तर फिल्टर परत घट्ट बसवा, ड्रेन पाइप मागच्या क्लिपमधून सोडवा आणि त्याचं तोंड टबाच्या खाली, बादलीत धरा. पाणी आपोआप वाहिलं तर वाट मोकळी आहे, पंप काम करत नाही. थेंबही आला नाही तर चोकअप. या एका चाचणीने नवा पंप घ्यायचा की नुसती साफसफाई करायची, हे बहुतेक वेळा कळतं.

बऱ्याच टॉप लोडमध्ये पंपच नसतो, पाणी उताराने जातं. खाली एक छोटी ड्रेन मोटर असते. ती व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि त्याच ओढीने क्लच धुण्यावरून पिळण्यावर नेते. म्हणून ती गेली की निचरा आणि स्पिन दोन्ही एकदम बंद पडतात, आणि माणसाला वाटतं सगळी मशीनच गेली. व्हॉल्व्हमध्ये बटण अडकून तो अर्धा उघडा राहिला तर उलटं होतं: पाणी भरता भरता वाहून जातं, मशीन भरतच बसते.

पाइपचा नियमही दोघींचा उलटा. उताराने सोडणाऱ्या टॉप लोडचा पाइप जमिनीलगत नहाणी ट्रॅपकडे हवा, वर उचलला की पाणी थांबतं. फ्रंट लोडचा पाइप साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर हवा, जमिनीवर पडला तर पाणी भरतानाच ओढलं जातं. घर बदलल्यावर ‘चांगली चालणारी मशीन बिघडली’ असं वाटलं तर आधी ड्राय बाल्कनीतला आउटलेट बघा.

सेमी ऑटोमॅटिकबद्दल फार सांगायला नको. पिळायचा टब गुणगुणतो पण फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग), ब्रेकची तार किंवा झाकणाचा स्विच बघा. हाताने ढकलून सुरू करू नका. भाग स्वस्त असतात.

आणि हे बिघाड नव्हेत: एकटी चादर किंवा ब्लँकेट टाकलं की भार एका बाजूला जातो आणि मशीन वेग कमी ठेवते. फ्रंट लोडमध्ये हाताने धुण्याची पावडर टाकली तर फेसामुळे पाणी नीट निघत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंड पाण्यात तिच्या गुठळ्याही राहतात. सेमी बदलून टॉप लोड घेतलेल्यांची तक्रार असते की कपडे ओले निघतात. निघणारच. सेमीचा स्पिन मिनिटाला साधारण १३०० फेऱ्यांचा, बहुतेक टॉप लोडचा ७०० च्या आसपास.

मग बोलवायचं कोणाला

फिल्टर, पाइप, भार, पावडर, मशीनचे पाय समतल करणं ही घरचीच कामं. वॉरंटी असेल तर याच्यापुढे स्वतः काही उघडू नका आणि बाहेरच्याला उघडूही देऊ नका. ‘मोटरवर १० वर्षं’ ही ओळ मात्र नीट वाचा: त्यात बहुधा मुख्य मोटर येते, ड्रेन पंप आणि बोर्ड नाही.

वॉरंटी संपल्यावर सेमी आणि टॉप लोडसाठी मी स्थानिक मेकॅनिकच निवडेन. ड्रेन मोटर, बेल्ट, कपॅसिटर ही त्याची रोजची कामं, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे मोटर वाइंडिंग करणारे हात शहरात आहेत. इन्व्हर्टर मोटरचा बोर्ड आणि फ्रंट लोडचे सेन्सर यांच्यासाठी कंपनीचा माणूस बरा. तो महाग पडतो, अख्खा भागच बदलतो, पण मूळ पार्ट मिळतो. दोघांकडूनही जुना पार्ट परत मागा. ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं त्यांनी पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळीत क्षार आणि साबण साचलाय का, हे तपासायला सांगावं. ती चोक झाली की रिकाम्या टबातही मशीनला पाणी दिसतं आणि स्पिन अडतो. गंगापूर धरणाच्या नळपाण्यावर हा त्रास कमी.

दुरुस्ती नको, नवीनच घ्या असं मी एकाच प्रसंगी म्हणेन: स्पिनला विमान उडाल्यासारखी घरघर येते, ड्रम हाताने वर-खाली हलतो, आणि मॉडेल असं की बेअरिंगसाठी पूर्ण टब बदलावा लागतो. मशीन ८-१० वर्षांची असेल तर त्या टबाचा आणि मजुरीचा आकडा लेखी घ्या, नव्या मशीनच्या किमतीशेजारी ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी आउटलेटची उंची टेपने मोजा.