इंदूरला राहून घरून काम की पुण्याचं ऑफिस?

पुण्याच्या कंपनीचा 'आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या' असा मेल आला की इंदूरच्या राजेंद्रनगर-सुदामानगरमधल्या घरांत लगेच पुण्यातल्या भाड्याची चौकशी सुरू होते. पहिल्यांदा काढायचं ते नेमणूकपत्र. त्यात कामाचं ठिकाण पुणे लिहिलंय आणि घरून काम फक्त तोंडी किंवा मेलवरच्या सवलतीवर चाललंय, तर कंपनी कधीही बोलावू शकते. 'तुमचं बघू आपण' हे मॅनेजरचं म्हणणं त्याची बदली झाली की संपतं. सवलत मिळणार असेल तर एचआरकडून सुधारित पत्र घ्या. हजेरी आठवड्यावर मोजतात की महिन्यावर, आणि रजेचा दिवस त्यातून वजा होतो का, हेही विचारून ठेवा.

आता पैसे. समजा पुण्यात वाटून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं १२,०००, जेवण ६,०००, रोजचं जाणंयेणं ३,००० आणि महिन्याची एक इंदूर फेरी ३,०००. वर्षाचे झाले २,८८,०००, आणि तेही कर भरून उरलेल्यातले. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर एवढे हातात यायला साधारण ४.२ लाखांची पगारवाढ लागते. घरभाडे भत्त्याची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवीन निवडली असेल तर ती हिशेबात धरू नका. डिपॉझिट आणि दलाली वेगळीच. अकरा महिन्यांच्या करारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येणारा काळ, किती महिन्यांचा आहे ते सही करण्याआधी वाचा. मधेच परत यावं लागलं तर डिपॉझिट तिथेच अडकतं.

घरून काम फुकट होत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर लागतो. त्याची १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. लॅपटॉप, राउटर, पंखा आणि एक दिवा मिळून १६० वॉट धरले तर कागदावर अकरा तास होतात, पण वाया जाणारी वीज धरून नवी बॅटरी सहा-सात तास काढते. जुनी झाली, पाणी घालायचं राहिलं की निम्म्यावर येते. पण मीटिंग तुटते ती बहुधा वेगळ्याच कारणाने. फायबरचा छोटा डबा बाहेरच्या खोलीत, इन्व्हर्टरची लाइन नसलेल्या सॉकेटवर असतो. वीज गेली की पंखा फिरतो, नेट बंद! डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरमागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाता-येता राउटर रीस्टार्ट होतो आणि दोन-तीन मिनिटं जातात. फायबर बंद पडलं तर फोनच्या नेटवर काम करायचं, म्हणून फोनचं सिम मात्र फायबरवाल्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं हवं. बिल्डिंगमधला केबलवाल्याचा स्विचच बंद पडला तर तुमच्या बॅटरीचा काही उपयोग नाही.

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: पुण्याला जा. शेजारच्या खुर्चीवरचा सीनियर एरर कसा शोधतो हे बघून जे येतं ते स्क्रीन शेअर करून येत नाही, आणि अडलेली गोष्ट विचारायला कॉलची वेळ ठरवावी लागली की माणूस विचारायचंच टाळतो. सात-आठ वर्षं झालीत, काम स्वतंत्रपणे करता, घरी आई-वडील आहेत, तर एचआरचं सुधारित पत्र हातात घेऊन इंदूरलाच राहा.

ऑफिसचं वातावरण हवं पण शहर सोडायचं नाही, अशांनी इंदूरच्याच सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसमध्ये आणि क्रिस्टल आयटी पार्कमधल्या कंपन्यांत अर्ज करून ठेवावेत, आणि ते पुण्याचा राजीनामा देण्याआधी. नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर नव्या कंपनीला पहिल्याच फोनवर सांगा.