ओइदा: आठ महिने वापरल्यानंतर

प्राचीन ग्रीक घरीच शिकायला घेतलं तेव्हा 'ओइदा' म्हणजे 'मला ठाऊक आहे' एवढं पाठ केलं आणि पुढे सरकलो. आठवड्याभरात अडलो. माझ्या जुन्या कोशात ओमिक्रॉनखाली (ग्रीक 'ओ') त्याचा अर्थच नाही, एप्सिलॉनखाली (ग्रीक 'ए') बघा म्हणतो. तिथे धातू निघाला 'पाहणे'!

रूप पूर्ण काळाचं, अर्थ वर्तमानाचा. पाहून झालंय, म्हणून आता ठाऊक आहे. आपण 'तो बसला आहे' म्हणतो तेव्हा तो कधी बसला हे सांगायचं नसतं, आत्ता खुर्चीत आहे एवढंच सांगायचं असतं. अगदी तसंच.

पण खरा आनंद दिला तो संस्कृतने. मला, तुला, त्याला ठाऊक आहे: ग्रीकमध्ये ओइदा, ओइस्था, ओइदे. संस्कृतमध्ये वेद, वेत्थ, वेद. धातू एकच, सुरुवातीचा 'व' ग्रीकांनी गाळला. एरवी पूर्ण काळात धातूचं द्वित्व होतं, म्हणजे त्याची सुरुवात दोनदा येते; इथे दोन्हीकडे नाही. पाणिनीचं 'विदो लटो वा' हे सूत्रही हेच टिपतं: विद् धातूला वर्तमानात परोक्ष भूताचे (म्हणजे संस्कृतातल्या पूर्ण काळाचे) प्रत्यय विकल्पाने लागतात. शाळेत हे सूत्र कुणी असं दाखवलं असतं तर!

तक्रारी आहेतच. अनेकवचनात शब्द ओळखू येत नाही: इस्मेन, इस्ते, इसासि. (संस्कृतचं विद्म, 'आम्हाला ठाऊक आहे', आठवलं की इस्मेन थोडं सोपं जातं.) आज्ञार्थ 'इस्थि' तर निव्वळ छळ, 'जाण' आणि 'हो' दोन्हींसाठी तोच, संदर्भावरून ठरवा.

आठव्या महिन्यात प्लेटोने लिहिलेलं सॉक्रेटिसचं कोर्टातलं भाषण उघडलं. 'हा मे ओइदा, ऊदे ओइओमाइ एइदेनाइ.' जे मला ठाऊक नाही, ते ठाऊक आहे असं मला वाटतही नाही. कोश न उघडता कळलं. 'मला एवढंच कळतं की मला काही कळत नाही' हे त्याच्या नावावर फिरणारं वाक्य या शब्दांत तिथे नाही. मूळ वाक्य जास्त नेमकं आहे. एइदेनाइ हे ओइदाचंच रूप. मधलं ओइओमाइ मात्र निराळं क्रियापद, 'वाटणे'. सारख्या आवाजामुळे मी त्याला ओइदाचं भावंड समजून बसलो होतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी अनेकवचन पहिल्याच दिवशी पाठ करावं. मी ते पुढे ढकललं आणि इसासि दिसलं की अजूनही क्षणभर थांबतो.