विकी की रेपो: प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन कुठे ठेवावं?

सॉफ्टवेअरच्या दोन-तीन आवृत्त्या एकाच वेळी वापरात असतील, तर डॉक्युमेंटेशन (वापराची माहिती देणारी पानं) कोडच्याच रेपोत, म्हणजे कोड आणि त्यातले बदल जिथे साठवतात तिथे असावं, असं माझं मत आहे. पण विकीची बाजू कच्ची नाही, म्हणून आधी ती.

विकीवर चूक दिसली की पान उघडायचं, सुधारायचं, जतन करायचं. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) येत नसलेला माणूसही पाच मिनिटांत मदत करून जातो. ‘आर्च’ या लिनक्सच्या प्रकाराचा आर्चविकी हे याचं उत्तम उदाहरण. दुसरं लिनक्स वापरणारेही तिथे उत्तर शोधायला जातात. मात्र आर्च रोलिंग रिलीज आहे, म्हणजे त्यात ठरावीक आवृत्त्या नसतात, सुधारणा सतत येत राहतात. वापरणारे साधारण एकाच, ताज्या अवस्थेवर असतात, त्यामुळे पान आजचं असलं की पुरतं.

आवृत्त्या वेगवेगळ्या असल्या की हेच पान त्रास देऊ लागतं. समजा, ३.० मध्ये एका सेटिंगचं नाव बदललं आणि कुणीतरी तत्परतेने विकी सुधारला. त्या क्षणापासून २.४ वापरणाऱ्यांसाठी पान चुकीचं झालं. ते नवं नाव फाइलमध्ये लिहितात, प्रोग्रामला ते ओळखीचं नसतं, तो मुकाट्याने पुढे जातो, आणि ‘सेटिंग चालत नाही’ असा इश्यू (तक्रार) येतो. मग पानावर ‘३.० पासून असं’, ‘२.२ पर्यंत तसं’ अशा टिपा चढत जातात. जुनी टीप काढायला कुणी धजत नाही, कारण ती अजून कुणाला लागते हे कळायला मार्ग नसतो. पानाचा इतिहास इथे कामाला येत नाही. तो तारखेप्रमाणे असतो, रिलीजप्रमाणे नाही. प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान केलं, तर एकच दुरुस्ती प्रत्येक पानावर करावी लागते. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

रेपोत नावाचा बदल आणि त्याचं डॉक्युमेंटेशन एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) येतात, आणि रिलीजचा टॅग (त्या आवृत्तीची खूण) दोन्ही एकत्र गोठवतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटचा विकी गिटवरच चालतो खरा, पण त्याची रेपो वेगळी असते आणि तिच्यावर पुल रिक्वेस्ट करता येत नाही. शिवाय ५०० पेक्षा कमी स्टार (लोकांनी दिलेली पसंतीची खूण) असलेल्या प्रकल्पांचे विकी सर्च इंजिनांत येत नाहीत, ही गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते.

रेपोतल्या मजकुरातून पानं तयार करायला स्फिंक्स वापरावं की एमकेडॉक्स, यावर फार वेळ घालवू नये. पायथनच्या कोडमधून एपीआयची (इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या फंक्शनांची) पानं काढायची असतील तर स्फिंक्स, बाकी मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) सवयीचं असेल तर एमकेडॉक्स. आवृत्त्यांसाठी पहिल्यासोबत रीड द डॉक्स ही डॉक्युमेंटेशन ठेवणारी सेवा आणि दुसऱ्यासोबत ‘माइक’ हे साधन चांगलं चालतं. रीड द डॉक्सवर मूळ पान ‘लेटेस्ट’ असतं, म्हणजे मुख्य शाखेचं. ते ‘स्टेबल’वर आणावं, नाहीतर अजून रिलीज न झालेल्या सुविधा लोक शोधत बसतात.

रेपोचा खरा तोटा म्हणजे उंबरठा. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी फोर्क (रेपोची स्वतःची प्रत) करायला कोण बसणार? प्रत्येक पानावर ‘हे पान सुधारा’ असा दुवा द्यावा; गिटहब ब्राउझरमध्येच फोर्क करून देतो. त्या दुरुस्तीसाठी सगळ्या टेस्ट चालवू नयेत, पण इथे एक खाच आहे. टेस्टचा वर्कफ्लो (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांचा संच) अनिवार्य असेल आणि तो पाथ फिल्टरने, म्हणजे कुठल्या फाइल बदलल्या यावरून वगळला, तर चेक ‘पेंडिंग’ राहतो आणि मर्ज (बदल मुख्य कोडात घेणं) अडतं. वर्कफ्लो सुरू होऊ द्यावा आणि आतला जॉब (एकेक काम) अटीने वगळावा. वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो.

स्थलांतर करताना सगळं उचलून आणू नये. ज्या पानांवरून वारंवार इश्यू येतात ती आधी घ्यावीत. पँडॉक हे रूपांतराचं साधन मीडियाविकीच्या (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) मजकुराचं मार्कडाउन करतं, पण टेम्प्लेट आणि गुंतागुंतीचे तक्ते हातानेच नीट करावे लागतात. धडा, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण यांपैकी पान नेमकं काय आहे हे आणतानाच ठरवावं; दोन प्रकार मिसळले असतील तर तिथेच तोडावं. जुनं विकी पान पुसू नये. त्यावर नव्या पत्त्याची एक ओळ ठेवून बाकी मजकूर काढावा, कारण बाहेरचे दुवे वर्षानुवर्षं तिथेच येत राहतात. बैठकींची टिपणं, चालणाऱ्या हार्डवेअरची यादी, इतरांनी केलेले प्लगइन हे मात्र खुशाल विकीवरच राहू द्यावं. ते कुठल्याच रिलीजला बांधलेलं नसतं आणि तिथे हात लावणारे जितके जास्त तितकं बरं.

एमकेडॉक्सचा ‘स्ट्रिक्ट’ पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा, म्हणजे आतला तुटका दुवा मर्जआधीच पकडला जातो. बाहेरच्या दुव्यांची तपासणी मात्र आठवड्यातून एकदा वेगळी चालवावी. ती प्रत्येक पुल रिक्वेस्टला जोडली, तर दुसऱ्याची साइट बंद पडल्यामुळे नव्या माणसाची पहिलीच दुरुस्ती लाल, म्हणजे नापास दिसते.